सुई, तार आणि मधली वाट

श्रोतेहो, कोंकणच्या दक्षिण टोंकाला ज्यांचें बालपण गेलें, त्यांच्यापैकीं वडीलधाऱ्या मंडळींना १९७१ च्या जानेवारी महिन्यांतील एक बातमी अजून आठवत असेल. वेंगुर्ल्यास १९२२ सालीं जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै हे १९५७ पासून लागोपाठ तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले होते, आणि मालवणचा किनारा त्यांना घरचें माणूस मानीत होता. १७ जानेवारीस बेळगांवांत हुतात्मा दिनाची सभा झाली. तींत ते बोलले. आणि १८ जानेवारीस हृदयविकाराच्या झटक्यानें त्यांचें तेथेंच देहावसान झालें. वय पन्नाशीच्याही आंतलें.

त्या घटनेची हळहळ पुन्हां उगाळावी असा माझा हेतु नाहीं. मला एक प्रश्न विचारावयाचा आहे. त्या दिवशीं बेळगांवांतच काय, पण मुंबईंत किंवा लंडनमध्यें अशा रोग्यासाठीं वैद्यकशास्त्र काय करूं शकत होतें? वेदना शमविण्याकरितां मॉर्फीन होतें, श्वासाकरितां प्राणवायु होता, पूर्ण विश्रांतीचा उपदेश होता. आणि मोठ्या शहरांत नुकत्याच निघालेल्या विशेष कक्षांत, हृदयाचा ताल बिघडल्यास तो विजेच्या धक्क्यानें ताळ्यावर आणण्याची सोय होती. पण जी रक्तवाहिनी बंद पडल्यामुळें हा सारा अनर्थ ओढवला, ती उघडण्याचा नित्याचा उपाय जगांत कोठेंच नव्हता. घराला आग लागावी, आणि विहीर समोर असून तिच्यांतलें पाणी काढावयास पोहराच नसावा, तशी वैद्यांची स्थिति होती.

पुढच्या पंधरा वर्षांत असे दोन पोहरे हातीं आले. एक सुईच्या रूपानें आणि दुसरा तारेच्या. सुईनें गुठळी विरघळविणारें औषध शिरेंत सोडतां येऊं लागलें. तारेनें बंद वाहिनीपर्यंत पोंचून ती आंतून उघडतां येऊं लागली. या दोन उपायांचा इतिहास, आणि विशेषतः पहिला फसला म्हणजे दुसऱ्यानें धांवून जाण्याची पद्धति कशी उदयास आली याचा इतिहास, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मोठें शहर ज्यांच्या दाराशीं नाहीं, अशा आपल्या जिल्ह्यासारख्या मुलुखाला या इतिहासांतली मधली वाटच अधिक उपयोगाची आहे, असें माझें सांगणें आहे.

प्रथम रोग काय आहे तें पाहूं. हृदय म्हणजे मुठीएवढा एक स्नायु. तो सर्व शरीराला रक्त पुरवितो. पण स्वतःचें पोषण मात्र त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या हृद्रोहिणी नांवाच्या वाहिन्यांतून होतें, आणि त्यांच्या मुख्य शाखांची आंतील रुंदी तीन-चार मिलिमीटरांहून फारशी अधिक नसते. वयाबरोबर, आणि तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांच्या संगतीनें, या वाहिनीच्या भिंतींत स्निग्ध पदार्थांचा थर बसतो. एखाद्या दिवशीं त्या थराला चीर पडते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि प्रवाह थांबतो.

मालवणकरांना हें समजावून सांगणें सोपें आहे. देवबागेची जमीन ही एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र यांच्यामध्यें पसरलेली वाळूची अरुंद पट्टी आहे. अशा खाडीच्या तोंडाशीं वाळू साचली म्हणजे होड्यांची ये-जा अडते. ती वाळू वाहून गेली तर वाट मोकळी होते, हें खरें. पण किनाराच ढासळून पात्र अरुंद झालें असेल, तर आज मोकळी झालेली वाट उद्यां पुन्हां बुजते. तेथें किनाऱ्याला आधाराचा बांधच घालावा लागतो. गुठळी ही त्या वाळूसारखी आणि स्निग्ध थर हा त्या ढासळलेल्या किनाऱ्यासारखा. औषध गुठळी विरघळवितें. किनाऱ्याला आधार देणें त्याच्या आवांक्यांत नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. प्रवाह थांबल्यापासून सुमारें अर्ध्या तासानें स्नायु मरावयास लागतो, आणि तो मृत्यु आंतील बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे कांहीं तासांत पसरत जातो. मेलेला स्नायु पुन्हां उगवत नाहीं. म्हणून पहिल्या तासांतलें एक मिनिट हें सहाव्या तासांतल्या एका मिनिटापेक्षां पुष्कळ मोलाचें असतें.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१२ सालीं असें दाखवून दिलें कीं, हृद्रोहिणी अकस्मात् बंद झाली तरी माणूस तत्काळ मरतोच असें नाहीं. तो जगूं शकतो, आणि त्याचा रोग जिवंतपणीं ओळखतांही येतो. त्याच सुमारास हॉलंडच्या आइंटहोव्हेन यांनीं हृदयांतील विजेचा आलेख काढण्याचें यंत्र सिद्ध केलें होतें. त्याबद्दल त्यांना १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे सुशिक्षित घरांत ज्याला ‘कार्डिओग्राम’ म्हणतात तो हाच. रोग ओळखतां येऊं लागला. उपाय मात्र बिछान्यावर कित्येक आठवडे निश्चल पडून राहण्याचाच राहिला. हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला.

याला एक शास्त्रीय कारणही होतें. गुठळी हें झटक्याचें कारण आहे कीं झटक्यानंतर उमटलेला परिणाम, याविषयीं तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद होता. परिणाम असेल, तर ती काढण्याची धडपड व्यर्थच. हा वाद १९८० सालीं अमेरिकेंतील स्पोकेन गांवच्या डॉक्टर डीवुड यांनीं मिटविला. झटका आल्यापासून चार तासांच्या आंत आलेल्या रोग्यांच्या हृद्रोहिणींचें त्यांनीं क्ष-किरण चित्र घेतलें, तेव्हां शंभरांत सुमारें ८७ जणांची वाहिनी पूर्णपणें बंद आढळली. शत्रु कोण, हें त्या दिवशीं ठरलें.

शत्रूवरचें शस्त्र मात्र त्यापूर्वीं ४७ वर्षें प्रयोगशाळेंत तयार पडलें होतें. १९३३ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेंत विल्यम टिलेट आणि गार्नर यांना असें दिसून आलें कीं, घसा सुजविणाऱ्या एका जातीच्या जंतूंच्या रसांत रक्ताची गुठळी ठेविली तर ती पाण्यासारखी पातळ होते. या द्रव्याला पुढें ‘स्ट्रेप्टोकायनेज’ हें नांव पडलें. १९५८ सालीं शेरी आणि फ्लेचर यांनीं तें हृदयविकाराच्या रोग्यांना शिरेंतून देऊन पाहिलें. परंतु मात्रा किती, ती किती लौकर द्यावी आणि रक्तस्रावाचें भय किती, हें नीट न उमगल्यामुळें पुढचीं पंचवीस वर्षें तें औषध आशा आणि शंका यांच्यामध्यें लोंबकळत राहिलें.

निकाल लावला इटलीनें. तेथील डॉक्टरांनीं देशभरच्या लहानमोठ्या इस्पितळांतून ११,८०६ रोगी घेतले. निम्म्यांना स्ट्रेप्टोकायनेज दिलें, निम्म्यांना नेहमींचेच उपचार दिले, आणि १९८६ सालीं निष्कर्ष जाहीर केला. तीन आठवड्यांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा १३ वरून १०.७ वर आलें. आणि ज्यांना पहिल्या तासांत औषध मिळालें, त्यांच्यांत तें जवळजवळ निम्म्यानें घटलें. दोनच वर्षांनीं, १९८८ सालीं, १७,१८७ रोग्यांवरील दुसऱ्या एका प्रयोगानें सिद्ध केलें कीं, स्ट्रेप्टोकायनेजबरोबर ॲस्पिरिनची साधी गोळी दिली तर फायदा आणखी वाढतो. दोन्हींपैकीं कांहींच न मिळालेल्यांत पांच आठवड्यांचे मृत्यु शेंकडा १३.२ होते, दोन्ही मिळालेल्यांत ते ८ झाले. कांहीं पैशांची गोळी आणि जंतूंपासून काढलेलें एक औषध यांनीं एवढी मजल मारली.

आपल्या देशानेंही या कामीं हात आंखडता घेतला नाहीं. चंदीगढच्या सरकारी सूक्ष्मजीव-तंत्रज्ञान संस्थेंत स्ट्रेप्टोकायनेज देशी पद्धतीनें बनविण्याची कृति सिद्ध झाली आणि तें औषध स्वस्त होऊन बाजारांत आलें. ‘टेनेक्टेप्लेज’ हें नव्या पिढीचें औषध पुण्याची जेनोव्हा कंपनी तयार करूं लागली. स्ट्रेप्टोकायनेज तासभर थेंबथेंब सोडावें लागतें. टेनेक्टेप्लेज रोग्याच्या वजनाप्रमाणें मोजून एकाच टोंचणींत देतां येतें. खेड्यांतील दवाखान्यांत, जेथें माणसें थोडीं आणि धांदल फार, तेथें हा फरक लहान नाहीं.

आतां तारेची कथा. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्डे गांवच्या इस्पितळांत वर्नर फोर्समान नांवाच्या पंचविशींतल्या डॉक्टरानें आपल्याच दंडाच्या शिरेंतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकविली, आणि तशाच स्थितींत जिना उतरून क्ष-किरण चित्र काढवून घेतलें. वरिष्ठांनीं शाबासकी दिली नाहीं. ती १९५६ सालीं नोबेल पारितोषिकाच्या रूपानें मिळाली. १९५८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंडच्या मेसन सोन्स यांच्या हातून, महारोहिणींत सोडावयाचें द्रव्य अनपेक्षितपणें हृद्रोहिणींत गेलें. रोगी दगावेल असें वाटलें; तो वांचला; आणि हृद्रोहिणींचें चित्र घेतां येतें हें जगाला कळलें.

या नळीच्या टोंकाशीं फुगा बसविण्याची कल्पना आंद्रेआस ग्रुंट्झिग या जर्मन डॉक्टरानें तडीस नेली. झूरिचच्या आपल्या घरीं, स्वयंपाकघराच्या मेजावर बसून, तो हे फुगे तयार करीत असे. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं त्यानें जागृत माणसाच्या हृद्रोहिणींतील अरुंद जागा प्रथमच फुग्यानें रुंद केली. नाथ पै यांच्या निधनाला तेव्हां सात वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

फुगा काढून घेतला कीं वाहिनी कधीं कधीं पुन्हां मिटे. कधीं तत्काळ, कधीं कांहीं महिन्यांनीं. म्हणून तिला आंतून आधार देणारी धातूची बारीक जाळी तेथेंच ठेवून देण्याची युक्ति निघाली. माणसाच्या हृद्रोहिणींत अशी पहिली जाळी फ्रान्समधील तुलूज येथें झाक प्युएल यांनीं १९८६ च्या मार्चमध्यें बसविली. स्वित्झर्लंडमधील लोझानचे उलरिख सिग्वार्ट यांनींही याच कामांत पुढाकार घेतला. या जाळीला ‘स्टेंट’ म्हणतात. हें नांव चार्ल्स स्टेंट या लंडनच्या एकोणिसाव्या शतकांतील दंतवैद्याकडून आलें. दातांचा ठसा घेण्याकरितां त्यानें तयार केलेला लगदा पुढें शस्त्रवैद्यांनीं अवयवांना आधार देण्यास वापरला, आणि आधार देणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्याचें नांव चिकटलें. देवबागेच्या उपमेंत बोलावयाचें, तर किनाऱ्याचा बांध तो हाच.

श्रोत्यांना सहजच वाटेल कीं, सुई आणि तार दोन्ही हातीं आल्यावर वैद्यांनीं त्यांची सांगड घातली असेल. तसें घडलें नाहीं. १९८७-८८ च्या सुमारास अमेरिकेंत आणि युरोपांत प्रयोग झाले. सुई दिल्याबरोबर प्रत्येक रोग्याला लगोलग फुगा लावून पाहिला, तेव्हां लाभ न होतां रक्तस्राव आणि अपाय वाढलेले दिसले. तेव्हांपासून दोन पंथ पडले. १९९३ मध्यें हॉलंड आणि अमेरिका येथील प्रयोगांत, सुई न देतां सरळ तारेनेंच वाहिनी उघडली तर परिणाम अधिक चांगला होतो असें आढळलें. २००३ मध्यें अशा २३ प्रयोगांतील ७,७३९ रोग्यांचा एकत्र हिशेब झाला. सुईच्या गटांत अल्पकालीन मृत्यु शेंकडा ९, तारेच्या गटांत ७. महानगरांतील इस्पितळांचा प्रश्न त्यानें सुटला. पण तारेचें इस्पितळ ज्यांच्यापासून तीन तासांच्या वाटेवर, त्यांचा सुटला नाहीं. त्यांच्या वांट्याला सुईच राहिली.

आणि सुई नेहमींच यशस्वी होत नाहीं, हेंही १९९३ मध्येंच स्पष्ट झालें होतें. औषध दिल्यानंतर नव्वद मिनिटांनीं चित्र काढून पाहिलें असतां, त्या काळच्या उत्तमांतल्या उत्तम औषधानें रक्ताचा प्रवाह पूर्ववत् झालेले रोगी शंभरांत ५४ होते. स्ट्रेप्टोकायनेजनें सुमारें ३०. बाकीच्यांत कोणाची वाहिनी अर्धवट उघडली होती, तर कोणाची मुळींच नाहीं. अशांचें काय करावयाचें?

तीन मार्ग होते. स्वस्थ बसून नेहमींचे उपचार चालूं ठेवणें. औषधाची दुसरी मात्रा देणें. किंवा रोग्याला तारेच्या इस्पितळांत नेऊन वाहिनी उघडणें. या तिसऱ्या मार्गाला ‘बचावाची अँजिओप्लास्टी’ असें म्हणूं. १९९४ च्या एका लहानशा प्रयोगानें तिच्या बाजूनें कौल दिला. २००४ मध्यें इंग्लंडांतील ३०७ रोग्यांच्या प्रयोगांत महिन्याभराच्या मृत्युसंख्येंत ठळक फरक दिसला नाहीं, आणि संशय पुन्हां डोकावला. अखेर २००५ सालीं ब्रिटनमध्येंच ४२७ रोग्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्यांत तिन्ही मार्ग समोरासमोर उभे केले होते. सहा महिन्यांपर्यंत मृत्यु, दुसरा झटका, पक्षाघात किंवा हृदयाची तीव्र दुर्बलता यांपैकीं कशानेंही न गांठलेले रोगी स्वस्थ बसण्याच्या मार्गांत शेंकडा ७०.१, दुसऱ्या मात्रेच्या मार्गांत ६८.७, आणि बचावाच्या अँजिओप्लास्टींत ८४.६ होते. तिसऱ्या मार्गानें गेलेल्यांपैकीं बहुसंख्यांना स्टेंट बसविण्यांत आला होता.

या आंकड्यांतील मधला आंकडा विशेष बोलका आहे. फसलेलें औषध पुन्हां देणें हें कांहीं न करण्याहून मुळींच चांगलें ठरलें नाहीं. शिवाय स्ट्रेप्टोकायनेज एकदां दिल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करतें, त्यामुळें तेंच पुन्हां देण्यांत अर्थही उरत नाहीं. बंद दारावर तीच किल्ली दुसऱ्यानें फिरविण्यांत वेळ जातो, आणि येथें वेळ म्हणजेच हृदयाचा स्नायु.

२०१३ सालीं या विचाराला पूर्ण रूप आलें. ज्यांना तासाभरांत तारेच्या इस्पितळांत पोंचणें शक्य नव्हतें, अशा १,८९२ रोग्यांवर अनेक देशांत प्रयोग झाला. निम्म्यांना जागच्या जागीं टेनेक्टेप्लेज देऊन मग पुढें पाठविलें. निम्म्यांना सरळ तारेकडे नेलें. महिन्याभरांतील परिणाम दोन्ही गटांत सारखेच निघाले. पण सुई घेतलेल्यांपैकीं शेंकडा ३६ जणांना तांतडीनें तारेचा आश्रय करावाच लागला. मेंदूंतील रक्तस्राव सुईच्या गटांत शंभरांत एकाला झाला; म्हणून प्रयोग चालूं असतांनाच पंचाहत्तरीपुढील रोग्यांची मात्रा निम्मी करण्यांत आली. सुई आणि तार या सवती नसून जावा आहेत, एकीचें काम अडलें तर दुसरीनें पुढें व्हावयाचें, हें इतक्या वर्षांच्या वादानंतर मान्य झालें.

आतां हा इतिहास मालवणच्या नकाशावर ठेवून पाहूं. समजा, एखाद्या नाखव्याच्या छातींत पहांटे जाळ्याजवळ बसल्या बसल्या कळ आली, ती डाव्या हातांत उतरली आणि दरदरून घाम सुटला. आपल्याकडे पहिला उद्गार काय निघतो? “काय नाय गो, पित्त झाला आसा.” मग आल्याचा रस, मग शेक, मग ‘थोडी वाट पाहूं’. २००८ सालीं भारतांतील ८९ इस्पितळांतल्या २०,९३७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत दुखूं लागल्यापासून इस्पितळांत पोंचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटें, म्हणजे सहा तास, निघाला. इस्पितळाच्या दारापासून सुईपर्यंत मात्र ५० मिनिटें. अर्थात् सर्वांत मोठा विलंब वैद्याच्या दारांत होत नाहीं. तो आपल्या ओटीवर होतो.

आणि वाट केवढी आहे, तेंही पाहा. मालवणाहून कुडाळ, झाराप, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी अशी मजल मारीत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयास जावयाचें, तर अंतर शंभर किलोमीटरांहून कांहींसें अधिक. घाट चढून कोल्हापूर गांठावयाचें, तर सुमारें दीडशें. आंबोलीवरून बेळगांवही तसेंच दूर. बांबोळीची ती संस्था १८४२ सालीं पोर्तुगीज अमदानींत पणजीस स्थापन झालेल्या वैद्यकशाळेची वारस आहे, आणि सिंधुदुर्गाच्या लोकांचा तिच्यावरील भरंवसा पिढ्यांचा आहे. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरील रोग्यांना तेथें शुल्क लागूं झालें, तेव्हां दोडामार्ग भागांत आंदोलन उठलें तें याच भरंवशामुळें. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरींतून वेगळा झालेला आपला जिल्हा. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें त्यानंतर चाळीस वर्षांनीं. तोंवर मोठ्या दुखण्याची वाट जिल्ह्याबाहेरच जात होती.

आधुनिक नियम असा आहे कीं, कार्डिओग्रामवर रोग निश्चित झाल्यापासून १२० मिनिटांच्या आंत तारेनें वाहिनी उघडतां येत असेल तर सरळ तिकडे जावें. नसेल तर दहा मिनिटांत सुई द्यावी. मालवणाहून बांबोळीची नुसती वाटच दोन-अडीच तासांची. म्हणजे आपल्या किनाऱ्याला बहुधा दुसरें कलम लागूं. पण नियम तेथें संपत नाहीं, आणि माझ्या भाषणाचा सारा भर येथें आहे. सुई दिल्याबरोबर, तिचा गुण येतो कीं नाहीं याची वाट न पाहतां, रोग्याला तारेच्या इस्पितळाकडे रवाना करावें. साठ ते नव्वद मिनिटांनीं कार्डिओग्राम पुन्हां काढावा. पहिल्या आलेखांत जी रेषा वर उचलली गेली होती ती निदान निम्म्यानें खालीं आली असेल, तर औषध लागूं पडलें. मग दोन ते चोवीस तासांच्या दरम्यान चित्र काढून, आवश्यक तर स्टेंट बसवावा. रेषा निम्म्यानेंही उतरली नसेल, तर सुई फसली असें समजावें आणि क्षणाचाही विलंब न करतां तारेनें वाहिनी उघडावी.

यांत एक फसगत संभवते, ती प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी. वेदना थांबली म्हणजे वाहिनी उघडली असें नव्हे. मॉर्फीननें कळ थांबते. गुठळी जागच्या जागीं राहते. रोगी शांत झोंपला, घरच्या माणसांनीं सुटकेचा श्वास टाकला, ‘आतां सकाळीं पाहूं’ असें ठरलें, आणि त्या शांततेंतच स्नायु मरत राहिला, असें घडूं शकतें. म्हणून रोग्याच्या भावानें किंवा मुलानें डॉक्टरांना आदरानें, परंतु न संकोचतां, दोन प्रश्न विचारावे: दुसरा कार्डिओग्राम केव्हां काढणार? आणि तो समाधानकारक नसेल तर कोठें न्यावयाचें? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहींत. १९३३ पासूनच्या संशोधनानें ते आपल्या हातीं दिलेले आहेत.

अशी व्यवस्था गरीब मुलुखांत जमते काय, अशी शंका येईल. तामिळनाडूंत लहान इस्पितळें मोठ्या इस्पितळाभोंवतीं, चाकाच्या आऱ्यांप्रमाणें, जोडून २,४२० रोग्यांवर प्रयोग झाला. कार्डिओग्राम दूरवर पाठवावयाचा, जवळच सुई द्यावयाची, मग रुग्णवाहिकेनें केंद्रांत न्यावयाचें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा १७.६ वरून १४.२ वर आलेलें दिसलें. २०१८-१९ च्या सुमारास गोव्यानेंही बांबोळी हें केंद्र धरून तशीच योजना सुरू केली.

महाराष्ट्रांत तिचे कांहीं धागे हळूहळू विणले गेले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ च्या जानेवारींत ९३७ गाड्यांनिशीं निघाली. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्यें आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्यें राज्यभर लागूं झाली. पुढें तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें, आणि अँजिओप्लास्टी सामान्य घराच्या आटोक्यांत येऊं लागली. स्टेंटच्या किंमतीचीही एक लढाई झाली. दिल्लीचे वकील बिरेंदर सांगवान यांनीं न्यायालयांत दाद मागितली; २०१७ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें कमाल किंमत बांधून दिली. औषधलेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत लाखाच्या वर होती, ती २९,६०० रुपयांवर आली. साध्या स्टेंटची ७,२६० वर. घर-जमीन गहाण टाकून जीव वांचविण्याची पाळी त्यामुळें कित्येकांवर आली नसेल.

श्रोतेहो, १९७१ सालीं नाथ पै यांना आजचे उपाय मिळते तर ते खात्रीनें वांचले असते, असें मी म्हणणार नाहीं; तसें म्हणणें हा इतिहासाचा दुरुपयोग होईल. पण त्या वेळीं जगांतल्या कोणत्याही वैद्याला जें करतां येत नव्हतें, तें आज येतें. फोर्समानची नळी, टिलेटची परीक्षानळी, ग्रुंट्झिगच्या स्वयंपाकघरांतला फुगा आणि प्युएलची जाळी यांना मालवणच्या नाखव्याच्या ओटीपर्यंत पोंचावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. शेवटचा कोसभर रस्ता मात्र कोणताही शास्त्रज्ञ आपल्यासाठीं चालूं शकत नाहीं. छातींत कळ आली तर पित्त म्हणून बसून राहूं नये, १०८ ला हांक द्यावी. सुई मिळाली तर प्रवास संपला असें समजूं नये. शिक्षित घरांनीं हें शेजारच्या चार घरांत सांगितलें, तर १९७१ च्या त्या जानेवारीपासून कांहीं शिकल्याचें समाधान आपल्याला मिळेल.